दंड लाखांचा, अपील कोणापुढे?

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात औद्योगिक वसाहत झाल्यापासून शेड, गोदामे, कंपाऊंड वॉल यांची कामे निघत आली आहेत. ती घेणारे बरेचसे लहान ठेकेदार. कालपर्यंत स्वतः थापी चालवणारे, आज दहा-बारा माणसे हाताखाली बाळगणारे. या पानाच्या वाचकांतही गवंडी, सेंट्रिंगवाले, फॅब्रिकेशनवाले पुष्कळ आहेत. त्यांच्या खिशाशी थेट संबंध असलेला एक बदल आम्ही येथे मांडत आहोत.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार श्रमसंहिता लागू केल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० हिने १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याची जागा घेतली. नवी व्यवस्था पूर्ण बसेपर्यंत जुने नियम चालू राहतील, असे सरकारने त्या वेळी जाहीर केले.

जुन्या कायद्यात सुरक्षेचे नियम मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद होती. कैद कागदावर कितीही भारी दिसो, दोन हजारांच्या दंडासाठी वकील लावून अपिलात जाणे कोणाला परवडणार? त्यामुळे अपील म्हणजे काय, ते कोणाकडे करायचे, याची विचारपूस लहान ठेकेदाराने कधी केलीच नाही. नव्या संहितेत साधा दंडच किमान २ लाख आणि कमाल ३ लाख रुपये आहे. नियम मोडल्यामुळे कामगाराचा जीव गेला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि त्या दंडातली निदान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. ही शेवटची तरतूद आम्हाला न्याय्य वाटते. परांचीवरून पडलेल्या माणसाच्या घरी आजवर फार तर दोन महिन्यांचे रेशन आणि समजूत पोचत असे.

पण दंड शंभरपटीने वाढला, तर दाद मागण्याची वाटही तितकीच मजबूत हवी. मालकाला आवाज आहे, पण तो सल्ल्यापुरता. १९९६ च्या कायद्यातील सल्लागार समित्यांवर मालकांचे प्रतिनिधी होते, कल्याणकारी मंडळावर सरकार, मालक व कामगार यांचे सारखे सदस्य होते, आणि पाचशे कामगारांच्या कामावर सुरक्षा समिती बंधनकारक होती; तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकांपेक्षा कमी असता कामा नयेत, अशी अट होती. नव्या संहितेतील राष्ट्रीय सल्लागार मंडळातही दोन्ही बाजूंना जागा आहे. मात्र नोंदणी नाकारल्याचे किंवा रद्द केल्याचे अपील जाते ते सरकारी अधिकाऱ्याकडेच. ते तीस दिवसांत करायचे. अधिकाऱ्याने अपीलकर्त्याचे म्हणणे ऐकून तीस दिवसांत निकाल द्यायचा. मुदत चांगली आहे. पण स्लॅबखाली टेकू कसे लावतात हे जन्मभर पाहिलेला माणूस त्या खुर्चीच्या आसपास कोठेही नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने यावर एक तोड काढली आहे. तेथे सुरक्षेच्या दंडाविरुद्धची अपिले तीन सदस्यांच्या मंडळाकडे जातात: एक मालकवर्गातून, एक कामगारांतून, एक सर्वसामान्य जनतेतून. मंडळ तपासणी खात्यापासून वेगळे आहे. आपल्याकडे राज्य पातळीवर असे काही करणे अशक्य नाही. फक्त मालकाची खुर्ची मुंबई-पुण्याच्या मोठ्या बिल्डरांनीच अडवू नये. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया १९४१ पासून आहे, क्रेडाई १९९९ पासून. त्यांचे म्हणणे मंत्रालयात पोचते. लोहाऱ्याच्या ठेकेदाराचे पोचत नाही, कारण त्याची संघटनाच नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही स्पष्टच सांगतो. अपिलाच्या नावाखाली धोक्याचे काम चालू राहता कामा नये. दंडाच्या रकमेवर भांडावे, जरूर भांडावे; पण सैल परांची आणि उघडी लिफ्टची खाच निकालाची वाट पाहत नाहीत. मालकाला आवाज हवा तो हिशेबापुरता आणि वस्तुस्थिती मांडण्यापुरता, मनाई हुकूम लोंबकळत ठेवण्यासाठी नव्हे. आणि सुनावणीची तारीख जखमी कामगारालाही कळली पाहिजे.

तोवर ठेकेदाराने आपली बाजू कागदावर आणून ठेवावी. दहा कामगारांची मर्यादा विसरू नये. एरवी सहा माणसे असतात, पण स्लॅबच्या दिवशी मिक्सरवाले, परात उचलणाऱ्या बाया धरून पंचवीस होतात. त्या दिवशीचे हजेरीपुस्तक बहुधा मुकादमाच्या डोक्यातच असते. हेल्मेट, बेल्ट दिल्याची सही, परांची कोणी बांधली व कोणी तपासली त्याची तारीख, कामगाराच्या नोंदणीचा क्रमांक हे सारे एका वहीत असेल, तर अधिकाऱ्यासमोर बोलायला काहीतरी हाताशी राहील. वही चाळीस रुपयांत मिळते.

एखाद्याने स्वतःचे घर बांधायला काढले असेल आणि खर्च ५० लाखांच्या आत असेल, तर ते काम या बांधकामाच्या व्याख्येतून वगळले आहे. पूर्वी ही मर्यादा १० लाख होती. भाड्याने देण्याच्या गाळ्यांना मात्र ही सूट लागू नाही.