वृद्धांच्या खोलींतील कॅमेरा : संमति कोणाची?

जालना जिल्ह्यांतील राजूर हें गांव राजुरेश्वर गणपतीमुळें महाराष्ट्रास ठाऊक आहे. अंगारकीच्या दाटींत तेथें प्रत्येकजण हजारोंच्या दृष्टीसमोर असतो, आणि त्यांत कोणास वावगें वाटत नाहीं. पण समजा, त्याच गांवची एखादी वृद्धा, मुलें नोकरीनिमित्त दूर गेल्यामुळें, शहरांतल्या वृद्धाश्रमांत राहावयास गेली, आणि काळजीपोटीं मुलानें तिच्या खाटेसमोर कॅमेरा बसविला. आतां तिचें लुगडें बदलणें, अंग पुसून घेणें, रात्रीचें कण्हणें, सारें दूरच्या पडद्यावर दिसूं लागलें. बंदोबस्त तिच्याच रक्षणासाठीं, हें खरें; परंतु तिला विचारलें कोणीं?

मुलाची भीति निराधार म्हणतां येणार नाहीं. अंथरुणास खिळलेल्या माणसाला कोणी हिसडलें तर साक्षीदार नसतो, आणि स्मृतिभ्रंश झालेल्याच्या तक्रारीवर विश्वासहि कोणी ठेवीत नाहीं. म्हणूनच अमेरिकेंतील टेक्सस राज्यानें २००१ सालीं शुश्रूषागृहांतील निवाशांस खोलींत कॅमेरा ठेवण्याचा हक्क कायद्यानें दिला. (आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे लहानसें रुग्णालय, तेथें तें वृद्धांचें कायमचें बिऱ्हाड असतें.) १ जानेवारी २०१६ पासून अमलांत आलेला इलिनॉय राज्याचा कायदा अधिक विचारपूर्वक घडविलेला दिसतो. त्यांत संमति निवाशाची, मुलाची नव्हे. निवाशास यांतलें कांहीं उमजत नाहीं असें डॉक्टरांनीं ठरविलें, तरच इतरांस त्याच्या वतीनें संमति देतां येते. तत्पूर्वींहि संस्थेच्या नोकरासमक्ष त्याला विचारावें लागतें, आणि त्यानें स्पष्ट विरोध केला तर तेथेंच विषय संपतो. खोलींतील सोबत्याचीहि लेखी संमति लागते. कॅमेरा आपल्या खाटेकडे वळवूं नये, आवाज टिपूं नये, अशा अटी तो घालूं शकतो. खोलीच्या दाराशीं तशी पाटीहि लावावी लागते.

भारतांत आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा अधिनियम २००७ सालीं झाला. त्याचें १९ वें कलम जिल्ह्यागणिक निदान एक, दीडशें निराधार वृद्धांस पुरेल असा, आश्रम काढण्याविषयीं बोलतें. कॅमेऱ्याविषयीं त्यांत अवाक्षर नाहीं. खाजगी वृद्धाश्रमांची नोंदणी सक्तीची करणारें विधेयक डिसेंबर २०१९ मध्यें लोकसभेंत मांडलें गेलें, आणि २०२४ सालीं ती लोकसभा विसर्जित होतांच तेंहि बारगळलें. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला खरा. पण वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकानें कोणता कागद कोणाकडून लिहून घ्यावा, हें त्या निर्णयावरून कळत नाहीं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६-ई कलम मात्र धारदार आहे. एखाद्याच्या देहाच्या गुह्य भागाचें चित्र, त्याच्या संमतीवांचून व खाजगीपणाचा भंग होईल अशा रीतीनें, जाणूनबुजून टिपणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊं शकतो. शेजारच्या खाटेवरील परक्या बाईकडे कॅमेरा रोखणाऱ्या मुलाच्या हें क्वचितच ध्यानीं येत असेल.

सरकारी आश्रमांपुरता तरी नवा अधिनियम लागत नाहीं. १९ व्या कलमाचेंच दुसरें पोटकलम आश्रमांतील सेवांचें मान ठरविण्याचा अधिकार राज्य सरकारास देतें. निवाशास त्याच्या भाषेंत विचारावें, अंगठा घेण्यापूर्वीं कागद वाचून दाखवावा, सोबत्याचा नकार मानावा, आणि उद्यां मन पालटलें तर कॅमेरा बंद करावा, एवढें त्या नियमांत चार ओळींत बसेल. खाजगी आश्रमांसाठीं मात्र विधिमंडळाकडेच जावें लागेल.