पानथरी कशाने वाढली?

सूरजागडच्या लोहखनिजाच्या डोंगराभोवती, एटापल्ली आणि भामरागड तालुक्यांत, डाव्या बरगडीखाली हाताला लागणारी पानथरी डॉक्टरांना नवी नाही. महाराष्ट्रातल्या हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोली जिल्ह्याचा वाटा मोठा असतो. त्यांत फॅल्सिपॅरम या घातक जातीचे पुष्कळ. माडिया-गोंड वस्तीत सिकलसेलही आहे. दोन्ही आजारांत पानथरी वाढते, म्हणून इथे पानथरी दिसली की मलेरिया हेच उत्तर आधी सुचते, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पण लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमाही, पानथरीत मुक्काम करू शकतो.

या आजाराची एक जात महाराष्ट्राला 2022 च्या जूनमध्ये कळली. भामरागड तालुक्यातल्या हेमलकशात 1973 पासून लोकबिरादरी प्रकल्पात आदिवासींवर उपचार करणारे डॉ. प्रकाश आमटे यांना ‘हेअरी सेल ल्युकेमिया’ झाल्याचे निदान पुण्यात झाले. नावात ल्युकेमिया असला तरी हा बी-लिम्फोसाइटचा आजार, म्हणजे लिम्फोमाचाच भाऊबंद. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशींना केसांसारखे तंतू दिसतात. त्या पानथरीत आणि अस्थिमज्जेत ठाण मांडतात. मग लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सगळेच घटते आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो.

ओहायोतील डॉ. बर्था बूरोंकल यांनी 1958 मध्ये या आजाराला स्वतंत्र ओळख मिळवून दिली. पुढची पंचवीस वर्षे पानथरी काढून टाकणे हाच मुख्य इलाज होता. मग आधार मिळाला तो विषाणूंच्या अभ्यासातून. विषाणू शिरल्यावर पेशी इंटरफेरॉन नावाचे प्रथिन सोडतात, हे लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी 1957 मध्ये दाखवले होते. 1984 मध्ये ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी ते या आजाराच्या सात रुग्णांना दिले आणि रक्त सुधारले. 1986 मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. किंमत मात्र शरीराने मोजली: इंटरफेरॉन घेणाऱ्या काहींची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइडवर उलटली आणि संप्रेरकांचा तोल गेला.

त्याहून मोठा शोध एका दुर्मीळ बालरोगातून निघाला. सिअ‍ॅटलच्या एलोइज गिब्लेट यांनी 1972 मध्ये दाखवले, की काही मुलांत एडीए हे विकर नसते, आणि अशा मुलांच्या लिम्फोसाइट पेशी जगतच नाहीत. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेत डेनिस कार्सन यांनी उलटा विचार केला: या विकराला दाद न देणारा रेणू बनवला, तर बिघडलेल्या लिम्फोसाइट मारता येतील का? त्यातून क्लॅड्रिबिन जन्मले. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात बारापैकी अकरा रुग्ण सात दिवसांच्या एकाच फेरीने पूर्ण आटोक्यात आले होते. रक्ताच्या कर्करोगात असे यश विरळा. आजारामागचा जनुकीय बिघाड, बीआरएएफ जनुकातला एक बदल, 2011 मध्ये इटलीतील पेरूजाच्या संशोधकांनी तपासलेल्या सर्व 47 रुग्णांत सापडला.

हेच क्लॅड्रिबिन आज गोळ्यांच्या रूपात मल्टिपल स्क्लेरोसिस या स्वयंप्रतिकार आजारात वापरतात. युरोपने 2017 मध्ये, अमेरिकेने 2019 मध्ये त्याला परवानगी दिली. आणि या आजारामागे एपस्टाइन-बार विषाणूचा हात असल्याचा भक्कम पुरावा 2022 मध्ये हार्वर्डच्या गटाने दिला. एक कोटीहून अधिक अमेरिकी सैनिकांच्या नोंदींवरून त्यांना दिसले, की या विषाणूच्या संसर्गानंतर धोका बत्तीस पटींनी वाढतो. आफ्रिकेतील मुलांच्या जबड्यात होणाऱ्या बर्किट लिम्फोमात 1964 मध्ये सापडलेला विषाणू तोच. आणि जिथे फॅल्सिपॅरम वर्षभर ठाण मांडून असतो, त्याच पट्ट्यात तो लिम्फोमा अधिक आढळतो.

इथे सूरजागडचा प्रश्न पुन्हा समोर येतो. वारंवार हिवताप झालेल्या काहींची प्रतिकारशक्ती अतिउत्तेजित होते आणि पानथरी प्रचंड वाढते. महिनोन्‌महिने मलेरियाचे औषध दिल्यावर ती ओसरते. घानातल्या अशा रुग्णांचा अभ्यास करून इमेल्डा बेट्स आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये दाखवले, की त्यांतल्या काहींच्या लिम्फोसाइट एकाच मूळ पेशीपासून वाढलेल्या होत्या. अशांची पानथरी औषधाने ओसरत नव्हती. मलेरियाची सूज कुठे संपते आणि लिम्फोमा कुठे सुरू होतो, हे निव्वळ हाताने चाचपून ठरवता येत नाही.

सूरजागडच्या लोहखाणीमुळे या भागात बाहेरून कामगार आले, रस्त्यांवर ट्रक वाढले. रक्ताची तपासणीही त्याच वेगाने दुर्गम गावांपर्यंत पोचली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आशाताईंच्या हातातले मलेरियाचे किट अनमोल आहे, पण त्याने तेवढ्याच एका प्रश्नाचे उत्तर मिळते. मलेरियाचा पूर्ण उपचार होऊनही ज्याची पानथरी कमी होत नाही, अंगावर निळे डाग पडतात, ताप परतून येतो किंवा मानेत-काखेत न दुखणाऱ्या गाठी आहेत, त्याचे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रक्ताचा स्मीअर झालाच पाहिजे. तिन्ही पेशी घटलेल्या दिसल्या तर आणखी गोळ्या देऊन थांबू नका, रुग्णाला नागपूरला रक्तविकारतज्ज्ञांकडे पाठवा.