बालाटनचे उथळ पाणी

ज्या देशाला समुद्रच नाही, तिथल्या माणसांनी उन्हाळ्यात जावे तरी कुठे? हंगेरीचा नकाशा समोर घ्या. चहूकडे जमीन, पण पश्चिमेकडच्या भागात एक निळी तिरपी पट्टी दिसेल. तोच बालाटन सरोवर. तिथले लोक कौतुकाने त्याला ‘हंगेरीचा समुद्र’ म्हणतात. लांबी सुमारे ७७ किलोमीटर, क्षेत्रफळ ६०० चौरस किलोमीटरच्या आसपास. आणि खोली? सरासरी सव्वातीन मीटर! आपल्याकडची साधी विहीरसुद्धा याहून खोल असते.

पाणी उथळ, म्हणून ते लवकर तापते. भर उन्हाळ्यात २५ अंश सेल्सिअस किंवा थोडे अधिकच. दक्षिण किनाऱ्यावर, शिओफोकसारख्या गावी, पाण्यात शिरलात की तुम्ही नुसते चालतच राहता. शंभर पावले झाली, दोनशे झाली, तरी पोहायची पाळी येत नाही! लहान मुलांची चंगळ असते. मात्र जुहूसारखी चौपाटी मनात धरून जाल तर फसाल. बऱ्याच ठिकाणी काठाला हिरवळ, झाडांची सावली आणि पाण्यात उतरायला पायऱ्या, एवढंच. भूक लागली की ‘लांगोश’ घ्यावा. आपल्या भटुऱ्याचा हा लांबचा भाऊ. वर लसूण, आंबट साय आणि किसलेले चीज.

उत्तर किनारा निराळा. तिथे टेकड्या आहेत, द्राक्षमळे आहेत, आणि पाणीही लवकर खोल होते. तिथल्या बालाटनफ्युरेद गावी १९२६ साली रवींद्रनाथ ठाकूर हृदयविकारावर उपचार घेत होते. त्यांनी तिथे एक लिंडेनचे झाड लावले. काठच्या रस्त्यालाही त्यांचेच नाव आहे.

आता वाऱ्याविषयी. ‘पाणी छातीएवढे, मग भ्यायचे कशाला?’ असे कुणीही म्हणेल. पण उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा लांबट, संथ अशा उठत नाहीत; आखूड, उभ्या, एकीवर एक आदळतात. दम घ्यायला फुरसत मिळत नाही. वादळी वारा बहुधा उत्तर-वायव्येकडून येतो. उत्तर काठाला टेकड्यांचा आडोसा, त्यामुळे तिथे पाणी शांत दिसते. पण वाऱ्याचा रोख आत, सरोवराच्या मध्याकडे. हवेच्या गादीवर पहुडलेला माणूस डोळे उघडतो तेव्हा काठ केव्हाच दूर गेलेला असतो.

म्हणून १९३४ पासून तिथे वादळाच्या इशाऱ्याची व्यवस्था आहे. काठावरचे दिवे मिनिटाला ४५ वेळा लुकलुकले, तर काठापासून ५०० मीटरच्या पुढे पोहत जायचे नाही. ९० वेळा लुकलुकू लागले, की पाण्यात उतरायलाच बंदी. रेव्फ्युलोप ते बालाटनबोग्लार हे ५.२ किलोमीटरचे अंतर दर उन्हाळ्यात हजारो लोक पोहून पार करतात. पण हवा बिघडली, तर तो बेतही सरळ पुढच्या तारखेवर ढकलतात.