चार फुटांवर कापलेलं घर

पांढुर्ण्यात किंवा सौसरात एखादीनं 'इंटिरियर डिझाईन शिकायचंय' म्हटलं, की घरचे विचारतात, पडदे लावायला पदवी कशाला? प्रश्न वावगा नाही. 'आर्किटेक्ट' हे नाव १९७२ च्या कायद्यानं राखून ठेवलंय. 'इंटिरियर डिझायनर'ची पाटी कुणीही लावू शकतो. मग चार वर्षं शिकवतात काय?

आधी प्रवेश. बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेची बारावी चालते. अहमदाबादच्या एनआयडीसारख्या संस्थांची वेगळी परीक्षा असते.

पहिलं वर्ष हाताचं. चित्र, रंग, पुठ्ठ्याची मॉडेलं आणि मोजमाप. मोजायला आपल्या आजीचं कवेलूचं घर उत्तम. दहा बाय बारा फुटांची खोली १:५० प्रमाणात कागदावर जेमतेम ६.१ बाय ७.३ सेंटिमीटर होते. प्लॅन म्हणजे घर जमिनीपासून साधारण चार फुटांवर आडवं कापून वरून पाहिलेलं; उभं कापलं की सेक्शन. या सेक्शनमध्येच कळतं, मे महिन्यात आजीकडे बरं का वाटतं ते. गरम हवा कवेलूच्या फटींतून वर निघून जाते, मातीची जाड भिंत दुपारचं ऊन लवकर आत येऊ देत नाही. स्लॅबच्या घरात तेच ऊन रात्री अंगावर उतरतं.

दुसऱ्या वर्षापासून सामान. प्लायवूडची शीट आठ बाय चार फुटांची. कपाट दोन फूट खोल धरलं तर रुंदीत दोन पट्ट्या बरोबर बसतात. हौसेनं सव्वादोन केलं की एकच निघते आणि पावणेदोन फुटांचा तुकडा उरतो. पैसे तिथे जातात, रंगात नाही.

पुढे वायरिंग, नळ, उजेड, अंदाजपत्रक आणि सुतारासाठीची ड्रॉइंगं. ज्युरी, म्हणजे शिक्षक आणि बाहेरचे जाणकार, काम भिंतीवर लावून उलटतपासणी घेते. माझी कसोटी साधी आहे: सुतारानं एकही फोन न करता कपाट बनवलं, तर ड्रॉइंग पास.

शेवटी एखाद्या ऑफिसात उमेदवारी आणि स्वतःचा प्रकल्प. इथल्या मुलांना विषय शोधत मुंबईला जायला नको. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौसर त्यात आलं. नव्या कचेरीत दाखल्यासाठी आलेल्या म्हातारीनं बसायचं कुठे, खिडकी तिच्या हाताला किती उंचीवर हवी, पाणी कुठे, आणि तिचा नंबर आला हे तिला कळणार कसं?