धडधड आणि तिची धास्ती

(लेखमाला : हृदयाची ओळख – लेखांक ६)

गेल्या लेखांकात आपण हृदयातल्या विजेचा मार्ग पाहिला. उजवीकडच्या वरच्या कप्प्यात सायनस नोड असतो, तिथे ठिणगी पडते, ती खाली उतरते आणि हृदय आवळलं जातं. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाचे एक लाखावर होतात. छातीत एवढी उलाढाल चालू असताना आपल्याला तिचा पत्ता नसतो, हेच बरं आहे. पंचाईत होते ती पत्ता लागायला लागल्यावर.

बहुतेकांना तो रात्री लागतो. घर शांत झालेलं असतं. डाव्या कुशीवर वळलं की हृदय छातीच्या भिंतीला लागतं आणि ठोके चक्क उशीत ऐकू येतात. मग मध्येच एक ठोका चुकतो आणि पाठोपाठ छातीत धस्सकन दणका बसतो. प्रत्यक्षात तो ठोका चुकलेला नसतो, वेळेआधी पडून गेलेला असतो. हृदय पुरतं भरायच्या आत आवळलं गेल्यामुळे तो इतका दुबळा असतो की मनगटावर बहुधा लागतही नाही. त्यानंतर थोडा खंड पडतो, तेवढ्यात हृदयात नेहमीपेक्षा जास्त रक्त साठतं आणि पुढचा ठोका ते सगळं जोराने ढकलतो. म्हणजे आपण ज्याला घाबरतो तो दणका अगदी रीतसर, नियमित ठोक्याचा असतो. ठोके सतत नोंदवणारं हॉल्टर यंत्र चोवीस तास लावलं तर धडधाकट माणसांतही असे आगाऊ ठोके सर्रास सापडतात.

हे कळूनही भीती जात नाही. का जात नाही, याचा शोध जुना आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात फिलाडेल्फियाच्या जेकब डा कोस्टा या डॉक्टरांकडे धडधड, धाप आणि छातीत दुखण्याच्या तक्रारी घेऊन तरुण सैनिक येत. या सैनिकांवरचा निबंध डा कोस्टांनी १८७१ साली प्रसिद्ध केला. पुढे या दुखण्याला ‘सोल्जर्स हार्ट’ असं नावही पडलं. पहिल्या महायुद्धात पुन्हा तेच चित्र दिसलं. अखेर १९४१ मध्ये लंडनचे हृदयरोगतज्ज्ञ पॉल वुड यांनी मांडलं की ही लक्षणं हृदयविकारापेक्षा भीतीशी जास्त जुळतात. सैनिक सोंग करत नव्हते, त्यांची धडधड खरीच होती. फक्त तिचं मूळ हृदयात नव्हतं.

भीतीने अॅड्रिनलिन सुटतं आणि त्याने ठोके वाढतात, इतकं सगळ्यांना ठाऊक असतं. उलटा प्रवास मात्र लक्षात येत नाही. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पॅनिकचा, म्हणजे अचानक उसळणाऱ्या भीतीचा, त्रास असलेल्यांना त्यांच्याच हृदयाचे ठोके म्हणून आवाज ऐकवला आणि मध्येच वेग एकदम वाढल्याचं खोटंच भासवलं. ज्यांना ते खरं वाटलं त्यांची भीती वाढली, आणि मागोमाग खरे ठोके आणि रक्तदाबही वाढला. काही न घडता नुसत्या बातमीने हृदय धावू लागलं! मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ बांधून दर दहा मिनिटांनी आकडा बघणारे आपल्यातले कित्येकजण हाच प्रयोग स्वतःवर रोज करत असतात. घड्याळावर माझा राग नाही. काहींच्या हृदयाची खरी अनियमित लय त्याच घड्याळाने पकडून दिली आहे. पण तपासण्या झाल्यावरही नाडीवरून बोट न हटवणाऱ्याने ते काही दिवस कपाटात ठेवलेलं बरं.

तपासण्या झाल्यावर, हे शब्द मात्र महत्त्वाचे. आपल्याकडे धडधडीची दोन निदानं घरबसल्या होतात. एक ‘गॅस वर चढलाय’ आणि दुसरं ‘टेन्शन घेऊ नकोस’. दुसरं बायकांच्या वाट्याला जास्त येतं, आणि ते नुसतं चिडवणारं नाही, धोक्याचंही आहे. हृदयात विजेचा एक जादा रस्ता असेल तर ठोके बटण दाबल्यासारखे एकदम दीडशे-दोनशेवर जातात आणि तसेच एकदम खाली येतात. याला एसव्हीटी म्हणतात. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत अशा १०७ रुग्णांची आधीची कागदपत्रं तपासली, तर निम्म्याहून अधिकांचा आजार पहिल्या तपासणीत निसटला होता. ‘हे मानसिक आहे’ हा शेरा पुरुषांपेक्षा स्त्रियांना कितीतरी जास्त मिळाला होता. एसव्हीटी पुष्कळदा कायमचा बरा होऊ शकतो, म्हणून तर हे चुकणं जास्त लागतं.

तेव्हा आधी कागदावर ईसीजीची पट्टी हवी. धडधड चालू असतानाचा एक ईसीजी ती थांबल्यावर काढलेल्या दहा ईसीजींपेक्षा मोलाचा, म्हणून त्रास चालू असतानाच जवळचा दवाखाना गाठावा. रोज त्रास होत असेल तर हॉल्टर उपयोगी पडतं, महिन्यातून एकदाच होत असेल तर डॉक्टर जास्त दिवसांचं यंत्र सुचवतात. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉईड बघायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्त कमी असेल तर हृदयाला पळावंच लागतं, तिथे मनाला दोष देऊन काय उपयोग? सर्दीच्या काही गोळ्या, दम्याचा पंप, तंबाखू, दारू, जागरण आणि पाळी थांबण्याचा काळ हेही डॉक्टरांना न लाजता सांगावं. चहा-कॉफीचं गणित माणसागणिक बदलतं. आपल्याला बाधते का, ते आठवडाभर बंद करून बघावं.

सगळं ठीक निघालं की खरं काम सुरू होतं, आणि ते ठोके थांबवण्याचं नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांचे जादा ठोके औषधाने दाबून बघण्याची ‘कास्ट’ नावाची मोठी चाचणी अमेरिकेत झाली होती. ठोके कमी झाले, पण ती औषधं घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले आणि १९८९ मध्ये त्या औषधांची चाचणी थांबवावी लागली. तेव्हापासून डॉक्टर निरुपद्रवी ठोक्यांमागे औषध घेऊन धावत नाहीत.

धडधड आली की जे करत असाल ते करत राहा. भाजी चिरत असाल तर चिरा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या; मिनिटाला सहाच्या आसपास श्वास झाले की हृदयाला आवर घालणाऱ्या व्हेगस नसेचा जोर वाढतो. नाडी बघायची ऊर्मी आली तर पाच मिनिटं पुढे ढकला, बहुतेक वेळा तोवर तिची धार गेलेली असते. आणि जिना टाळू नका. ठोके वाढतील म्हणून चालणं सोडलेला माणूस महिन्याभरात इतका ढिला पडतो की दोन पायऱ्यांतच ठोके वाढतात आणि भीती खरी ठरते. डॉक्टरांनी मोकळीक दिली असेल तर मुद्दाम जिना चढा, छाती धडधडू द्या, ती आपोआप निवते हे स्वतः बघा. मानसोपचारतज्ज्ञ पॅनिकवर हाच उपाय शिस्तीत करून घेतात आणि तो चांगला लागू पडतो. सोसायटीतल्या कुणीतरी दिलेली अल्प्राझोलम मात्र घेऊ नका. तिची सवय लागते. प्रोप्रॅनोलॉलही आपल्या मनाने नको, दमा असेल तर मुळीच नको. बोलायला कुणी नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास आणि फुकट मिळते, मराठीतूनही.

यातलं काहीही पुढच्या माणसांसाठी नाही : धडधडीबरोबर शुद्ध हरपलेले, छातीत दुखणारे, बसल्या जागी धाप लागणारे. व्यायाम करतानाच धडधड होऊन भोवळ येत असेल, आधीचा हृदयविकार असेल किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर तपासणी पुढे ढकलू नका. आणि शुद्ध जात असेल, छाती दुखत असेल किंवा धाप लागली असेल तर श्वास मोजत बसू नका, स्वतः गाडी चालवत निघू नका. १०८ ला फोन करा.