एका दगडखाणीच्या अर्जाचा दिवस

सातारा आणि सांगली हे काळ्या पाषाणाचे जिल्हे. कोळसा तिकडे चंद्रपूर-वणीला. तिथं मोठी उघडी खाण मागितली, की वर्तमानपत्रात जाहिरात येते, जनसुनावणी होते. आमच्याकडे मागणी येते डबर, खडी आणि मुरमाची. हेक्टर-दीड हेक्टरचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेत दाखल होतो. क्षेत्र लहान, म्हणून तपासणीही वरवरची चालेल असं अनेकांना वाटतं. मला ते मान्य नाही.

सकाळी 9.45. टेबलावर खटाव तालुक्यातला अर्ज आहे. मायणीच्या पुढं, सांगली जिल्ह्याच्या हद्दीलगतचा माळ, क्षेत्र 1.60 हेक्टर. सोबत सातबारा, मोजणीचा नकाशा, खाण आराखडा, ग्रामसभेचा ठराव. सातबाऱ्यावर सामाईक नावं किती आणि संमतीपत्रावर सह्या किती, हे आधी जुळवतो. एका बहिणीची सही नाही. लाल शाईनं तिच्या नावाखाली रेघ मारतो. जमीन तिचीही आहे.

10.30. आता नकाशा. अर्ज पाटण, जावळी किंवा शिराळ्याचा असता, तर पहिली नजर कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीवर गेली असती. अशा हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाण नको, हे सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे. शिवाय तिथं उताराचा प्रश्न असतो. जुलै 2021 च्या पावसात पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडींनी माणसं गाडली गेली. त्या पट्ट्यात डोंगराचा पायथा कोरण्याची परवानगी मागणारा कागद हातात आला, की मी तो दोनदा वाचतो.

खटावचा प्रश्न वेगळा. इथं पाऊसच कमी, म्हणून विहीर महत्त्वाची.

दुपारी 1.00. जागेवर पोचलो. ग्राम महसूल अधिकारी आणि मंडळ अधिकारी आधीच आलेत. हद्दीच्या खुणांवर जीपीएसचं रीडिंग घेत चाललो. नकाशात सगळा गट पडीक माळ दाखवलाय. पण पूर्वेच्या बांधापलीकडं एक विहीर आहे, ती नकाशात नाही. टेप लावला : 140 मीटर.

विहिरीत वाकून बघितलं, तर सगळं भूगर्भशास्त्र उघडं दिसतं. वर हातभर माती, खाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या खडक, आणि तळाला एकसंध काळा पाषाण. मांजऱ्या आणि काळ्याच्या सांध्यातून पाण्याची ओल उतरत होती. आपल्याकडं बहुतेक विहिरींचं पाणी अशा सांध्यांतून आणि भेगांतून येतं. शेजारी सुरुंग उडाला, खाण त्या सांध्याखाली गेली, तर पाणी खाणीकडं वळू शकतं.

विहिरीचे मालक म्हणाले, "सायेब, खडीला माझा इरोध न्हाय. रस्ता आमालाबी पायजे. पर ही इहीर गेली तर जनावरं कुठं न्यायची?"

"तात्या, हे असंच लिहून द्या," मी म्हणालो. "तोंडी हरकत फाइलीत येत नाही."

त्यांचा जबाब लिहून घेतला, पंचनाम्यावर सही घेतली.

3.15. टेकडीच्या माथ्यावरून पलीकडं बघितलं. तिकडं खानापूर तालुका, सांगली जिल्हा. उतारावर दोन खाणी चालू. फोन करून सांगलीच्या सहकाऱ्याकडून क्षेत्रं मागवली : 1.80 आणि 1.40 हेक्टर, दोन्हींना 2016 नंतरची पर्यावरण मंजुरी. आमच्या बाजूला तशीच एक 1.20 हेक्टरची.

इथंच या अर्जाचा खरा निकाल आहे. पूर्वी 5 हेक्टरांखालच्या खाणीला पर्यावरण मंजुरी लागत नसे. त्यामुळं मोठ्या क्षेत्राचे तुकडे पाडून अर्ज होत. दीपक कुमार प्रकरणात 27 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती वाट बंद केली. पुढं 500 मीटरच्या आत असलेल्या खाणी एक समूह म्हणून मोजायचं ठरलं. समूह 5 हेक्टरांवर गेला, की परिणाम अहवाल आणि जनसुनावणी. नुसता सातारा मोजला तर बेरीज 2.80. सांगली धरली तर 6 हेक्टर. जिल्ह्याची हद्द कागदावर आहे. धूळ, हादरे आणि पाणी तिला मानत नाहीत.

5.30. कार्यालयात परतून टिप्पणी लिहिली. सहहिस्सेदाराची संमती नाही. विहीर नकाशात नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा अभिप्राय घ्यावा. सांगलीच्या खाणींसह समूह धरावा. तोवर अर्ज त्रुटीपूर्ततेसाठी परत.

अर्जदाराला हा उशीर वाटेल, आणि त्याचं कर्ज, यंत्रं, मजूर खरे आहेत. पण परवाना दिल्यावर माझ्या हातात फार थोडं उरतं. बेकायदा उत्खननाला बाजारभावाच्या पाचपट दंड करता येतो; तो तिजोरीत जातो, विहिरीत नाही.

म्हणून वाचणाऱ्यांना सांगणं एवढंच : गावाच्या माळावर मोजणीची माणसं दिसली, की गट नंबर विचारा. आपल्या विहिरीचं, घराचं, शाळेचं अंतर मोजा आणि जिल्हाधिकाऱ्यांकडं लेखी हरकत देऊन पोच घ्या. ग्रामसभेत ठराव वाचल्याशिवाय हात वर करू नका. खाण सुरू होण्याआधी दिलेला एक कागद नंतरच्या दहा मोर्चांपेक्षा जास्त काम करतो.