रानातल्या चुलीवरचा इटालियन धाटणीचा खिमा-पाव

उघड्यावर जेवण मांडण्याच्या तीन रीती लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत आजही चालू आहेत, आणि इटालियन धाटणीचा खिमा पावात भरून रानात खाण्याचा बेत तडीस कसा न्यावा, हा वरवर परका वाटणारा प्रश्न या तीन रीतींकडे नीट पाहिल्यास बराचसा सुटतो. पहिली रीत वेळा अमावास्येची. मार्गशीर्ष अमावास्येला, लातूर-धाराशिवकडे जिला येळवस म्हणतात, त्या दिवशी घरेच्या घरे शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा मांडतात आणि भज्जी, आंबील, उंडे, खीर असे जेवण करतात. भज्जी म्हणजे ओले दाणे, शेंगा आणि हंगामातल्या मिळतील त्या भाज्या बेसन लावून एकत्र शिजवलेला दाट पदार्थ. हे जेवण शाकाहारी असते, परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्याचे नियोजन, कारण त्यातला बहुतेक स्वयंपाक आदल्या रात्री आणि पहाटे घरीच उरकतो आणि टोपल्यांतून रानात जातो. दुसरी रीत कंदुरीची. नवस फेडण्यासाठी दर्ग्यापाशी, देवाच्या ठाण्यापाशी किंवा शेतात बोकड कापून केलेल्या सामुदायिक जेवणाला मराठवाड्यात कंदुरी म्हणतात, ती हिंदू आणि मुस्लिम दोन्ही समाजांत होते, आणि तिच्यात मांस साठवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण कापणे, शिजवणे आणि भाकरीबरोबर पंगती उठवणे हे सगळे एकाच जागी, एकाच दिवशी घडते. तिसरी रीत हुरड्याची, जिच्यात ज्वारीचे कोवळे कणीस आगटीत, म्हणजे जमिनीतल्या उथळ खड्ड्यातल्या गोवऱ्यांच्या विस्तवात, भाजून हातावर चोळून तिथल्या तिथे खाल्ले जाते.

खिम्याची अडचण अशी की तो यांपैकी कोणत्याही एका रीतीत पूर्णपणे बसत नाही. मांसाच्या अखंड तुकड्यावर जंतू असलेच तर ते पृष्ठभागावर असतात आणि चटका बसताच मरतात. तोच तुकडा बारीक केला की पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो, बाहेरचे आत जाते, आणि जे मांस त्यामुळे लवकर शिजते तेच लवकर नासतेही. खिमा हा मांसाचा सर्वांत कमी धीर धरणारा प्रकार आहे. म्हणूनच रानातल्या खिम्याचे खरे कौशल्य मसाल्यात नसून कामाची वाटणी कशी केली यात आहे: कंदुरीचा ताजेपणा खरेदीत, येळवशीची पूर्वतयारी घरच्या स्वयंपाकात आणि आगटीचा विस्तव केवळ शेवटच्या टप्प्यापुरता.

इटालियन धाटणी म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे, कारण वाळवलेल्या परदेशी पानांची पुडी भुरभुरली की पदार्थ इटालियन होतो असा समज आपल्याकडे रूढ होत चालला आहे. बोलोन्या शहराच्या ज्या मांसाच्या रश्शाला रागू म्हणतात, त्याची एक प्रमाण कृती इटालियन पाककला अकादमीने १७ ऑक्टोबर १९८२ रोजी तिथल्या वाणिज्य मंडळात अधिकृतपणे नोंदवली. तिच्यात मसाले जवळपास नाहीतच, आहे तो क्रम. आधी कांदा, गाजर आणि सेलरी अगदी बारीक चिरून मंद आचेवर मऊ करायचे, या पायाला सॉफ्रितो म्हणतात. मग मांस परतायचे, मग टोमॅटो, आणि मग दीर्घकाळ मंद शिजवून पाणी आटवायचे. अमेरिकेत गेलेल्या इटालियन कुटुंबांनी या शिजवलेल्या मांसाला आणि बडीशेप घातलेल्या सॉसेजला पावाची जोड दिली, आणि हातात धरून खाण्याचे जेवण तयार झाले. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे नांदेडच्या खिम्याला हैदराबादी वळण आहे, म्हणजे आले-लसूण, हिरवी मिरची, गरम मसाला आणि वर कोथिंबीर-पुदिना. तो खिमा उत्तमच असतो, पण त्याची चव मसाला पुढे नेतो, तर रागूची चव आटवण्यातून येते. दोन्हींत डावे-उजवे ठरवण्याचे कारण नाही, मात्र एकाचे नाव घेऊन दुसरे करू नये.

मांसाची निवड या भागात सोपी आहे, कारण उस्मानाबादी शेळी ही लातूर-धाराशिव पट्ट्याची स्वतःची जात आहे. ही शेळी मुख्यतः काळी, काटक आणि जुळी करडे देण्यासाठी प्रसिद्ध असून तिचे मांस कमी चरबीचे असते. खांदा आणि मांडी यांचे मांस मिळून घ्यावे आणि किलोला दीडशे ते दोनशे ग्रॅम चरबी खिम्यातच टाकायला सांगावे, अन्यथा आटवताना खिमा भुश्यासारखा कोरडा पडतो. लाकडी ठोकळ्यावर सत्तुराने केलेला हाताचा खिमा आणि यंत्रातून काढलेला खिमा यांतला फरक शिजल्यावर कळतो: सत्तूर धागे कापतो आणि दाणे लहान-मोठे ठेवतो, यंत्र मांस दाबून काढते आणि कण एकसारखे, काहीसे चिकट येतात. पावात भरण्यासाठी हाताचा खिमा बरा, कारण त्याचे लहान-मोठे दाणे चावताना वेगवेगळे लागतात. धुवायचे असेल तर अखंड मांस धुवून निथळवून मग खिमा करून घ्यावा; खिमा झाल्यावर तो चाळणीत धुतल्याने रस वाहून जातो आणि उरलेले पाणी पुढच्या परतण्याला आडवे येते.

आठ माणसांसाठी एक किलो खिमा, तीन मोठे कांदे, दोन गाजरे, लसणाचा एक गड्डा आणि पाऊण किलो पिकलेले टोमॅटो पुरतात. सेलरी लातूर-नांदेडच्या बाजारात सहज मिळत नाही, तिच्याविना काही अडत नाही. करडईच्या तेलात कांदा, गाजर आणि थोडे मीठ मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे परतावे. कांदा तांबूस होऊ द्यायचा नाही, तो केवळ पारदर्शक आणि गोडसर व्हायला हवा, आणि नेहमीचा रस्सा करणाऱ्या हाताला हे थांबणे सर्वांत कठीण जाते.

हा पाया बाजूला काढून त्याच लोखंडी कढईत खिमा घालावा, तोही दोन-तीन वेळा मिळून, थोडा थोडा. इथे कानाने काम करावे लागते. खिमा पडताच क्षणभर चर्र होते, मग मांसातले पाणी सुटते, कढईत करड्या रंगाचे पाणी साचते आणि आवाज रटरटीचा होतो. या अवस्थेत मांस परतले जात नसते, ते उकडत असते, कारण पाणी असेपर्यंत कढईतले तापमान शंभर अंशांच्या पुढे जात नाही. उलथण्याने सतत ढवळत राहण्याचा मोह इथे आवरावा. सात-आठ मिनिटांनी बुडबुडे मोठे आणि विरळ होतात, वाफ कमी होते, तेल पुन्हा वेगळे दिसू लागते आणि रटरट थांबून बारीक, कोरडी चरचर सुरू होते. ही चरचर म्हणजे पाणी संपून चरबीत तळणे सुरू झाल्याची खूण. सुमारे १४० अंशांच्या पुढे मांसातली प्रथिने आणि शर्करा यांच्यातली तांबूस रंग व खमंग वास देणारी प्रक्रिया वेगाने होऊ लागते, तिला शास्त्रात माइयार प्रक्रिया म्हणतात. कढईच्या बुडाला जो तपकिरी थर धरतो तो करपलेला समजून घासून टाकू नये, पुढे टोमॅटोच्या पाण्यात तो सुटतो आणि सगळा स्वाद त्यातून उतरतो. कढई गच्च भरली तर ही अवस्था येतच नाही, आणि घरोघरचा खिमा फिकट राहतो त्याचे मुख्य कारण हेच आहे.

यानंतर लसूण, एक चमचा भरड कुटलेली बडीशेप आणि दोन चिमटी ओवा घालावा. ओरेगॅनो आणि थाइम या भूमध्य प्रदेशातल्या पानांचा वास ज्या थायमॉल आणि कार्व्हॅक्रॉल या द्रव्यांमुळे येतो, त्यांपैकी थायमॉल ओव्यात भरपूर असते, आणि इटालियन सॉसेजची ओळख तर बडीशेपच आहे. म्हणजे ज्या चवीसाठी परदेशी पुडी आणली जाते ती मराठवाड्याच्या मिसळणाच्या डब्याशेजारीच ठेवलेली असते. मग चिरलेले टोमॅटो आणि बाजूला ठेवलेला कांदा-गाजराचा पाया घालून झाकण न ठेवता मंद आचेवर तासभर आटवावे. टोमॅटो फिके निघाले तर चिंचेचा थोडा कोळ चालतो. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला आणि लातूर जिल्ह्यातल्या कास्ती कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि ही दोन्ही या पदार्थाला शोभतात. आटवणे कुठे थांबवावे याची खूण निश्चित आहे: उलथणे बुडावरून ओढले असता मागे राहिलेली रेघ भरून न येता तशीच राहिली पाहिजे. शेवटी तेल फार सुटलेले दिसल्यास दोन चमचे येसर भुरभुरावे. येसर म्हणजे धान्ये आणि डाळी भाजून मसाल्यांबरोबर दळलेले पीठ, ज्याची मराठवाड्यात आमटी करतात. बोलोन्याच्या कृतीत याला अर्थातच स्थान नाही, परंतु सुटलेली चरबी ते धरून ठेवते आणि पाव भिजत नाही, म्हणून एवढा बदल रास्तच म्हणावा लागेल.

आता न्यायचे कसे. कच्चा खिमा रानात नेऊ नये, हा या लेखाचा स्पष्ट आग्रह आहे. पाच ते साठ अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, त्यामुळे मांसाचा पदार्थ या तापमानात दोन तासांहून अधिक आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाहून अधिक राहू देऊ नये, असा सर्वमान्य दंडक आहे. शिजवलेला खिमाही मोठ्या पातेल्यात झाकून ठेवला तर मधल्या भागात तासन्तास कोमट राहतो आणि तिथेच घात होतो; म्हणून तो परातीत पातळ पसरून लवकर निववावा, स्टीलच्या पसरट डब्यात भरून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावा आणि सकाळी गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्यांमध्ये तो डबा दाबून न्यावा.

रानात उरते ते काम थोडे, पण तेही मन लावून करावे लागते. तीन दगडांची चूल वाऱ्याच्या दिशेला पाठ करून मांडावी. तुराट्या आणि पऱ्हाट्या, म्हणजे तुरीची आणि कापसाची वाळलेली खोडे, या भागात मुबलक असतात. त्या चटकन भडकतात, तितक्याच चटकन विझतात, म्हणून त्यांनी केवळ जाळ धरावा आणि बाभळीच्या लाकडाचा निखारा पडल्यावरच भांडे चढवावे. पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा हात दिला तर काजळी मातीवरच बसते आणि माती सुटली की भांडे स्वच्छ होते. कंदुरीच्या मोठ्या पातेल्यांना हे पूर्वापार केले जाते. खिमा केवळ कोमट करून भागत नाही, वाटीभर पाणी घालून तो सगळीकडून वाफाळून खदखदेपर्यंत तापवावा आणि ते पाणी पुन्हा आटवावे, कारण बारीक केलेल्या मांसाचे आतपर्यंतचे तापमान ७१ अंशांच्या वर गेले पाहिजे, आणि रानात तापमापक नसतो तेव्हा ही खदखद हाच पुरावा असतो.

पाव सकाळचा नसून आदल्या दिवशीचा असावा, कारण ताज्या पावाचा गर ओलसर असतो आणि दाबला की त्याचा गोळा होतो. पाव आडवा चिरून चिरलेली बाजू तेलाचा हात दिलेल्या तव्यावर तांबूस करावी. भाजलेल्या बाजूचा कडक पापुद्रा रस आत शिरू देत नाही. खिमा चुलीवरून उतरवल्यावर चार-पाच मिनिटे स्थिर होऊ द्यावा, मग भरावा, वर कोथिंबीर आणि हवा तर पातळ चिरलेला कांदा. पाव गुंडाळायला वर्तमानपत्र वापरू नये, त्याची शाई तेलात उतरते. पळसाच्या पत्रावळीवर वाढलेला खिमा-पाव अधिक नीटस दिसतो आणि मागे कचराही राहत नाही.

जागेविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. किनवट-माहूरचे जंगल असो वा पैनगंगेवरच्या सहस्रकुंडाचा परिसर, सहलीचा मोह तिथेच अधिक होतो, परंतु राखीव वनात आग पेटवणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे, आणि कंधार, उदगीर, औसा या किल्ल्यांच्या दगडी भिंतींवर चुलीची काजळी चढवणे हा वारशाचा अपमान आहे. चूल मांडावी ती मालकाची परवानगी घेतलेल्या शेतात, कडब्याच्या गंजीपासून दूर, आणि निघताना निखाऱ्यावर पाणी ओतून, राख हाताने चाचपून मगच निघावे. हा बेत मार्गशीर्ष ते माघ या तीन महिन्यांचा आहे. पुढे चैत्र-वैशाखात मराठवाड्याचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा खिमा घरीच खावा आणि रानात भाकरी, ठेचा आणि कांदा न्यावा.